विश्लेषण : आंबा वरून धड, मग आत अळ्या कशा?

पिवळाधमक हापूस, वासही गोड. सुरी लावली की आत वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. पेटीतले एक फळ असे निघाले तरी बाकीची खायची इच्छा उरत नाही. युरोपीय महासंघाने तर 1 मे 2014 पासून भारतीय आंबाच बंद केला होता. मालात वारंवार सापडणारी फळमाशी हे त्याचे मोठे कारण. जानेवारी 2015 मध्ये बंदी उठली.

अळी शिरते कुठून?

शिरत नाही, आतच जन्मते. फळ पक्व होऊ लागले की मादी माशी साल टोचून खाली अंडी घालते. ही टोचणी इतकी बारीक, की पेटी भरताना सहसा दिसत नाही. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात, अळ्या गर खात वाढतात. फळ गळते, अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि त्यातून नवी माशी उडते.

फवारणीने भागत नाही?

अंडी-अळ्या गरात, कोष मातीत आणि औषध सालीवर! शिवाय तोडणी तोंडावर असताना फवारले तर औषधाचा अंश फळात राहण्याची भीती.

म्हणून सापळा. तुळशीतही असणाऱ्या मिथाइल युजेनॉल या द्रव्याच्या वासाने नर माश्या ओढल्या जातात. याचा माग 1912 च्या सुमारास बिहारमधील पुसा येथे हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाला लागला, तोही डास पळवणाऱ्या सिट्रोनेला तेलाकडे माश्या येताना पाहून. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच वासावर चालतो. पण त्यात फक्त नर अडकतात. शेजारच्या बागेत सापळा नसेल, तर तिथून मीलन झालेली मादी येतेच. एकट्याने सापळे टांगून फारसे साधत नाही. सगळ्या वाडीने टांगावे लागतात.

त्याहून कंटाळवाणे काम म्हणजे पडलेला आंबा रोज उचलून खोल पुरणे. ऐन हंगामात गडी तोडणीला पुरत नाहीत, सडका आंबा कोण वेचणार? तो झाडाखालीच राहतो आणि पुढची पिढी परसातल्या पेरू-चिकूवर जाते.

एक मात्र लक्षात ठेवा. कापलेल्या आंब्यात पांढरट, स्पंजासारखा गर दिसला तर तो साका. त्याचा किडीशी संबंध नाही. कोयीत काळपट भुंगा निघाला, तर ती वेगळी कीड.