नव्या रहस्यकारांचा तपास

एप्रिल 2013मध्ये ब्रिटनमध्ये ‘द कुकूज कॉलिंग’ नावाची रहस्यकादंबरी प्रसिद्ध झाली. लेखक रॉबर्ट गॅलब्रेथ, पूर्वी लष्करी पोलिसांत होते म्हणे. परीक्षणं चांगली आली, व्हॅल मॅकडर्मिड यांच्यासारख्या मुरलेल्या लेखिकेनं पाठ थोपटली. तरी तीन महिन्यांत तिथं पुठ्ठाबांधणीच्या जेमतेम 1500 प्रती खपल्या. जुलैत ‘संडे टाइम्स’नं बिंग फोडलं: गॅलब्रेथ म्हणजे हॅरी पॉटरवाल्या जे. के. रोलिंग! लगोलग पुस्तक ॲमेझॉनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर. मधल्या काळात कादंबरीतलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

अनोळखी लेखकासाठी 1500 हा आकडा काही वाईट नाही, असं प्रकाशनातली माणसं सांगतील. पण मग ज्यांच्यामागे कुणी रोलिंग दडलेली नाही, त्या नवख्यांपर्यंत वाचकानं पोचायचं कसं?

मराठीत हे काम बरंचसं ‘धनंजय’सारखे दिवाळी अंक करत आले. ब्रिटनमध्ये ते पुरस्कारांनी उचललं. क्राइम रायटर्स असोसिएशन ही तिथली रहस्यलेखकांची संघटना 1953मध्ये जॉन क्रीझी यांनी स्थापन केली. हे गृहस्थ म्हणजे तिकडचे बाबूराव अर्नाळकरच. दोन डझनांहून अधिक टोपणनावं आणि सहाशेच्या आसपास पुस्तकं. 1973मध्ये ते गेले, आणि त्याच वर्षापासून त्यांच्या नावानं पहिल्या कादंबरीला ‘डॅगर’ दिला जाऊ लागला. पॅट्रिशिया कॉर्नवेल यांची ‘पोस्टमॉर्टेम’ अनेक प्रकाशकांनी परत पाठवली होती. छापून आल्यावर तिला हा डॅगरही मिळाला आणि अमेरिकेचा एडगरही.

त्याहून गमतीचा आहे तो 1998मध्ये ‘डेब्यू डॅगर’ या नावानं सुरू झालेला पुरस्कार. इथं पुस्तक छापलेलं नसणं हीच अट. कादंबरीची सुरुवातीची पानं आणि पुढच्या कथानकाचा गोषवारा, एवढ्यावर परीक्षक निकाल देतात. 2007मध्ये तो कॅनडाच्या ॲलन ब्रॅडली यांना मिळाला, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर. नायिका अकरा वर्षांची, रसायनशास्त्रानं, त्यातही विषांनी, झपाटलेली फ्लाविया. गोष्ट 1950च्या इंग्लंडातली, आणि लेखकानं तोवर इंग्लंड पाहिलेलंही नव्हतं. बक्षीस घ्यायला गेले तेव्हा पहिल्यांदा पाहिलं! कादंबरी तर लिहून व्हायचीच होती, तरी प्रकाशकांच्या उड्या पडल्या. ‘द स्वीटनेस ॲट द बॉटम ऑफ द पाय’ 2009मध्ये आली आणि फ्लावियाची मालिकाच सुरू झाली.

दुसरी वाट हॅरोगेटची. यॉर्कशरमधल्या या गावात दर जुलैला रहस्यकथांचा महोत्सव भरतो, तोही ओल्ड स्वान हॉटेलात. 1926मध्ये गायब झालेल्या अगाथा ख्रिस्ती अकरा दिवसांनी सापडल्या त्या इथंच. महोत्सवातल्या ‘न्यू ब्लड’ कार्यक्रमात मॅकडर्मिड यांनी वर्षानुवर्षं स्वतः निवडलेले नवोदित व्यासपीठावर बसवले. ऑस्ट्रेलियाच्या जेन हार्पर त्यांतल्याच. त्यांच्या ‘द ड्राय’चा पहिला खर्डा एका ऑनलाइन लेखनवर्गात तयार झाला. 2015मध्ये व्हिक्टोरिया राज्याचा अप्रकाशित हस्तलिखिताचा पुरस्कार, 2017मध्ये ब्रिटनच्या त्याच रहस्यलेखक संघटनेचा, वर्षातल्या सर्वोत्तम कादंबरीसाठीचा गोल्ड डॅगर आणि पुढं एरिक बानाला घेऊन चित्रपट, असा त्या कादंबरीचा प्रवास.

मुखपृष्ठावरच्या स्तुतीपेक्षा पुरस्कारांच्या आणि महोत्सवांच्या याद्या भरवशाच्या, कारण तिथं कुणीतरी ढिगानं पुस्तकं वाचून चाळणी लावलेली असते. मात्र केवळ विजेत्यावर थांबू नये. अंतिम यादीत येऊन मागं राहिलेली नावं टिपून ठेवावीत, त्यांतच पुष्कळदा घबाड असतं. 2013च्या डेब्यू डॅगरच्या अंतिम यादीत कंब्रियातले एक प्रोबेशन अधिकारी होते, एम. डब्ल्यू. क्रेव्हन. त्या खेपेला ते हात हलवत परतले. 2019चा गोल्ड डॅगर त्यांच्या ‘द पपेट शो’ला मिळाला.