आरओच्याही पुढची पायरी

कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत फाउंटन व्हॅली नावाचे एक शहर आहे. तेथे जानेवारी २००८ पासून आसपासच्या शहरांचे मैलापाणी शुद्ध करून जमिनीत मुरवले जाते आणि काही काळाने तेच पाणी विहिरींवाटे लोकांच्या नळाला येते. सुरुवातीला या प्रकल्पाची क्षमता दिवसाला सुमारे साडेसव्वीस कोटी लिटर होती. २०१५ आणि २०२३ या दोन विस्तारांनंतर ती सुमारे ४९ कोटी लिटरवर गेली. मैलापाण्यावर आधी नेहमीची जैविक प्रक्रिया होते, मग ते सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून गाळले जाते आणि त्यानंतर आरओतून जाते. आपल्याकडे घराघरांत आरओ म्हणजे शुद्धतेचा शेवटचा शब्द मानला जातो. फाउंटन व्हॅलीत मात्र आरओतून निघालेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे तीन मिलिग्रॅम हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळतात आणि त्यावर अतिनील किरणांचा जबर मारा करतात. या पायरीला प्रगत ऑक्सिडेशन म्हणतात. क्षार, जंतू, रंग, वास सगळे गेल्यानंतर आणखी काय जाळायचे उरते आणि ते जाळण्याचे काम अगदी शेवटी का ठेवले आहे, हे दोन प्रश्न या तंत्राच्या मुळाशी जातात. सांडपाण्यावरचा रामबाण म्हणून आपल्याकडे या तंत्राकडे पाहिले जाऊ लागले असताना या प्रश्नांची उत्तरे जास्तच मोलाची ठरतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच जिल्ह्याच्या अनुभवातून मिळाले. समुद्राचे खारे पाणी भूजलात घुसू नये म्हणून तेथे १९७० च्या दशकापासूनच शुद्ध केलेले सांडपाणी किनाऱ्याजवळ जमिनीत सोडले जात होते. २००० च्या सुमारास त्या भूजलात दोन रसायने सापडली. पहिले एनडीएमए. हे नायट्रोसामाइन गटातले असून कर्करोगकारक असण्याची दाट शक्यता मानली जाते. दुसरे डायऑक्सेन, हे औद्योगिक द्रावकांसोबत येते. दोन्हींचे रेणू लहान, विद्युतभार नसलेले आणि पाण्यात सहज मिसळणारे असल्यामुळे आरओच्या पडद्यातून त्यांचा काही भाग पलीकडे जातोच. शिवाय पडद्यांवर जिवाणूंचा थर साचू नये म्हणून पाण्यात क्लोरामाइन राखावे लागते आणि त्याच्याच अभिक्रियेतून थोडे एनडीएमए नव्याने तयार होते. कॅलिफोर्नियाने पिण्याच्या पाण्यासाठी एनडीएमएची सूचना-पातळी लिटरला १० नॅनोग्रॅम ठेवली आहे, म्हणजे दहा कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम. डायऑक्सेनची पातळी लिटरला एक मायक्रोग्रॅम आहे. एनडीएमएचा रेणू अतिनील किरण स्वतः शोषून तुटतो. त्यासाठी मात्र जंतू मारायला लागते त्याच्या कित्येक पट मात्रा द्यावी लागते. डायऑक्सेन त्या किरणांना दाद देत नाही, म्हणून सोबत पेरॉक्साइड लागते.

पेरॉक्साइड स्वतः फार मोठा पराक्रम गाजवत नाही. अतिनील किरणाने त्याचा रेणू मधोमध तुटतो आणि हायड्रॉक्सिलचे दोन मुक्त मूलक जन्माला येतात. खरे काम ते करतात. एकेकटा इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा हा कण समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर झडप घालतो. त्याची ऑक्सिडीकरण क्षमता सुमारे २.८ व्होल्ट आहे. ओझोनची २.०७ आणि क्लोरिनची १.३६ व्होल्ट धरली जाते. त्याचे आयुष्य मात्र सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही कमी असते, त्यामुळे तो बाटलीत भरून ठेवता येत नाही, जिथे वापरायचा तिथेच तयार करावा लागतो. मूलकांच्या या अभिक्रियेची पहिली खूण १८७६ मध्ये केंब्रिजच्या हेन्री फेंटन यांना दिसली. लोहाचा क्षार आणि पेरॉक्साइड एकत्र आल्यावर टार्टारिक आम्लाचे ऑक्सिडीकरण होते, हे सांगणारा त्यांचा सविस्तर निबंध १८९४ चा आहे. त्यामागे हायड्रॉक्सिल मूलक असावा, हे फ्रिट्झ हाबर आणि जोसेफ वाइस यांनी १९३४ मध्ये मांडले. पुढे १९८७ मध्ये विल्यम ग्लेझ आणि सहकाऱ्यांनी मूलकांवर चालणाऱ्या या सर्व पद्धतींना प्रगत ऑक्सिडेशन प्रक्रिया हे एकच नाव दिले. ओझोन आणि पेरॉक्साइडची जोडी, लोह आणि पेरॉक्साइडची फेंटन पद्धत, प्रकाशात काम करणारे टायटॅनियम डायऑक्साइड, पाण्यात बुडबुडे फोडून मूलक निर्माण करणारे कॅव्हिटेशन, अशा अनेक वाटा या एकाच मुक्कामाला येतात.

आता दुसरा प्रश्न. हायड्रॉक्सिल मूलकाचे बळ त्याच्या बेफाम स्वभावात आहे आणि त्याचा दोषही तोच. पाण्यातले विष कोणते आणि निरुपद्रवी काय, हे तो पाहत नाही. पाण्यात बायकार्बोनेट असेल तर त्यावर खर्च होतो, कुजलेल्या पानांतून आलेले सेंद्रिय द्रव्य असेल तर त्यावर खर्च होतो आणि ज्याच्यासाठी त्याला बोलावले त्या नॅनोग्रॅमपर्यंत पोचतच नाही. गढूळ किंवा रंगीत पाण्यात अतिनील किरणही काही सेंटिमीटरांच्या आत विझतात. हिशेब मांडला की गोष्ट स्पष्ट होते. एक ग्रॅम सीओडी (पाण्यातली घाण जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप) केवळ पेरॉक्साइडच्या ऑक्सिजनने संपवायचा तर रासायनिक समीकरणानुसार दोन ग्रॅमहून थोडे जास्त शुद्ध पेरॉक्साइड लागते. लिटरला ५,००० मिलिग्रॅम सीओडी असलेल्या कारखान्याच्या घनमीटरभर सांडपाण्यासाठी हे प्रमाण दहा किलोच्या वर जाते. फाउंटन व्हॅलीत त्याच घनमीटराला तीन ग्रॅम पुरतात, कारण शंभरातली नव्व्याण्णव कामे आधीच्या पायऱ्यांनी उरकलेली असतात. जिवाणूंना हवा दिली की ऑक्सिजन फुकट मिळतो आणि खर्च येतो तो फक्त हवा फुंकण्याच्या विजेचा. म्हणून माझे म्हणणे असे, की प्रगत ऑक्सिडेशन ही शुद्धीकरणाची शेवटची, नेमकी आणि छोटी पायरी आहे. सुरुवातीच्या ढिलाईवरचा उतारा म्हणून तिच्याकडे पाहणे रसायनशास्त्राच्या विरोधात जाते.

यावर पहिला आक्षेप उद्योगांकडून येईल. रंग, औषधे, कीटकनाशके बनवणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यात जिवाणू मरतात, मग तिथे जैविक प्रक्रिया आधी कशी ठेवणार? आक्षेप रास्त आहे. हैदराबादजवळच्या पटानचेरू येथे औषध कारखान्यांच्या सामाईक प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे स्वीडनच्या जोआकिम लार्सन यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले होते. अशा पाण्यात रेणूंचे आधी तुकडे करून ते जिवाणूंना पचतील असे करणे शहाणपणाचे आहे आणि फेंटन पद्धत तिथे उपयोगी पडते. मात्र ती ज्या प्रवाहात विष एकवटले आहे त्या छोट्या प्रवाहावर, कारखान्याच्या आवारातच वापरायला हवी. तोच प्रवाह शंभर कारखान्यांच्या पाण्यात मिसळून सामाईक प्रकल्पात (सीईटीपीत) आणला की विष पातळ होते, आकारमान वाढते आणि मूलक भलत्याच गोष्टींवर उधळले जातात. शिवाय फेंटनला सामू तीनच्या आसपास लागतो. म्हणजे आधी आम्ल घाला, मग चुना घालून उदासीन करा आणि शेवटी लोहाचा गाळ उपसून त्याची विल्हेवाट लावा. पाण्यातला प्रश्न गाळात गेला तर तो सुटला असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप महाराष्ट्राच्या अभिमानाचा आहे आणि त्यात तथ्यही आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अनिरुद्ध पंडित, पराग गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलगतिक कॅव्हिटेशनवर जगाने दखल घ्यावी असे काम केले आहे. पाणी अरुंद छिद्रातून वेगाने नेले की दाब घसरतो आणि बुडबुडे बनतात. पुढे दाब वाढताच ते फुटतात, त्या क्षणी सूक्ष्म जागेत प्रचंड तापमान निर्माण होते आणि पाण्याच्याच रेणूतून हायड्रॉक्सिल मूलक निघतात. साधा पंप आणि एक छिद्रांची चकती एवढ्यावर चालणारे हे तंत्र दिव्यांच्या तुलनेत स्वस्त आणि दणकट आहे, गढूळ पाण्यालाही चालते. पण याच संशोधनात पुन्हा पुन्हा दिसते, की कॅव्हिटेशन एकटे वापरण्यापेक्षा ओझोन, पेरॉक्साइड किंवा जैविक प्रक्रियेच्या जोडीने जास्त फळते. म्हणजे स्वदेशी तंत्रही आपली जागा साखळीतच शोधते.

शेवटच्या पायरीवर ठेवले तरी या तंत्राच्या मर्यादा संपत नाहीत. रंग गेला म्हणजे विष गेले असे नसते. मोठा रेणू अर्धवट तुटला तर मधले पदार्थ कधी मूळ द्रव्याहून घातक निघतात. ब्रोमाइड असलेल्या पाण्यात ओझोन वापरला तर ब्रोमेट तयार होते आणि पिण्याच्या पाण्यात त्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. नेदरलँड्समधील आंडाइकच्या केंद्राने २००४ मध्ये आयसेलमेअर सरोवराच्या पाण्यातली कीटकनाशके काढण्यासाठी अतिनील किरण आणि पेरॉक्साइडची वाट धरली, त्यामागे ब्रोमेट टाळणे हे मोठे कारण होते. पीएफएएस गटातल्या काही रसायनांत कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका घट्ट असतो, की हायड्रॉक्सिल मूलकही त्यांच्यापुढे हतबल ठरतो. ऑरेंज काउंटीतल्या अनेक विहिरी २०२० मध्ये याच रसायनांमुळे बंद ठेवाव्या लागल्या आणि तेथे आयन-विनिमय रेझिन व कार्बनची यंत्रणा बसवली गेली. ॲसिटोनसारखा लहान रेणू आरओतूनही निसटतो आणि मूलकांशीही संथपणे अभिक्रिया करतो. अशा द्रव्यांवर एकच खात्रीचा उपाय आहे, ती गटारात येऊच न देणे. म्हणूनच ऑरेंज काउंटीतली स्वच्छता यंत्रणा कोणता कारखाना गटारात काय सोडतो यावर पहारा ठेवते.

हे सारे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असेही कोणी म्हणेल. प्रत्येक शहराला ही पायरी लागत नाही, हे खरेच. नागपूरचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते, तिथे नॅनोग्रॅमचा प्रश्न उद्भवत नाही. पाणी कशासाठी वापरायचे यावर ते किती शुद्ध करायचे हे ठरते. पण सांडपाणी पिण्यासाठी परत घ्यायचे ठरले, किंवा औषध कारखान्यांचे पाणी नदीत सोडायचे असले, तर ही पायरी चैन राहत नाही. म्हणून निविदा काढण्यापूर्वी नगरपालिका आणि औद्योगिक वसाहतींनी यंत्राच्या किमतीआधी तीन प्रश्न विचारावेत. नेमके कोणते द्रव्य तोडायचे आहे? त्याच्याआधी पाण्यातले बाकीचे ओझे कोण उतरवणार? आणि तुटलेल्या तुकड्यांची तपासणी कोण, किती वेळा करणार? ज्या प्रकल्पाकडे या तिन्हींची लेखी उत्तरे नाहीत, त्याने प्रगत ऑक्सिडेशनवर पैसे घालण्यापेक्षा आधी आपली जैविक टाकी नीट चालवावी.