यंत्राची बुद्धी आणि स्वाराचा विवेक

तापीकाठचे कामरेज हे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील गजबजलेले नाके. मालमोटारी, बसगाड्या आणि रस्ता ओलांडणारे पादचारी यांच्या गर्दीतून आता तरुणांच्या वेगवान मोटारसायकलीही धावू लागल्या आहेत. या वेगाला नाके मुरडणे सोपे. पण त्यामागील यंत्रविद्या समजून घेणे अधिक अगत्याचे, असे आम्हांस वाटते.

उदाहरणादाखल पुण्याजवळच्या चाकण येथे बजाजच्या कारखान्यात तयार झालेली, २०१४ साली भारतात आलेली केटीएम आरसी ३९० ही गाडी घ्या. एकच सिलिंडर, क्षमता ३७३ घनसेंटिमीटर, आणि शक्ती सुमारे ४३ अश्वशक्ती! नळ्यांच्या जाळीदार पोलादी सांगाड्यामुळे ती हलकी असूनही ताठ राहते. वेगात असताना गिअर एकदम खाली आणला, तर इंजिनाच्या ओढीने मागचे चाक अडखळते; तिचा स्लिपर क्लच अशा वेळी किंचित घसरून तो धक्का पचवतो. ब्रेक करकचून दाबला तरी चाक जखडू नये म्हणून एबीएस यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणोक्षणी सोडते व पुन्हा धरते. २०२२ च्या आवृत्तीत तर वळणावर गाडी किती कलली आहे हे ओळखून हा दाब बेतला जातो. सव्वाशे घनसेंटिमीटरवरील सर्व नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले, हे योग्यच झाले.

परंतु यंत्राच्या या बुद्धीलाही मर्यादा आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेकने जिरवावयाची ऊर्जा चौपट होते. ताशी १०० किलोमीटर वेगात, धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते. ते २८ मीटर कोणताही अभियंता परत मिळवून देऊ शकत नाही. रस्त्यावर सांडलेले तेल, वाळू, पावसाळ्यातील चिखल यांपुढे एबीएसही हतबल ठरते.

म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांनी मुलाला गाडी घेऊन देताना शक्तीचा आकडा विचारण्याआधी ब्रेक, टायर आणि शिरस्त्राण यांची चौकशी करावी. रस्ते बांधणाऱ्यांनीही चौफुलीवर उजेड व पादचाऱ्यांस सुरक्षित वाट देण्याचे आपले कर्तव्य विसरू नये. यंत्र आपले काम चोख बजावीत आहे. आता माणसाने आपले बजावावे, एवढेच आमचे सांगणे आहे.