सातशे अडुसष्ट मतं

२०१९ च्या विधानसभा निवडणुकीत सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून शिवसेनेचे शहाजीबापू पाटील निवडून आले, ते ७६८ मतांनी. त्यांना आणि शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) डॉ. अनिकेत देशमुखांना, दोघांनाही लाखाच्या जवळपास मतं पडली होती. मोठ्या गावातल्या एका मतदान केंद्राचं वारं फिरलं असतं, तरी निकाल उलटा लागला असता. बाहेरच्यांना याचं फार आश्चर्य वाटलं, कारण सांगोला म्हणजे शेकापचा लाल बावटा आणि लाल बावटा म्हणजे गणपतराव देशमुख, हे समीकरण महाराष्ट्राच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

ते समीकरण अर्धंच खरं आहे.

गणपतराव १९६२ साली पहिल्यांदा आमदार झाले आणि २०१४ पर्यंत तब्बल अकरा वेळा निवडून आले. पण याच सांगोल्याने त्यांना १९७२ मध्ये पाडलं आणि १९९५ मध्येही पाडलं. दुसऱ्या वेळी अंतर होतं अवघं १९२ मतांचं, आणि विजयी उमेदवार होते तेव्हा काँग्रेसमध्ये असलेले हेच शहाजीबापू. म्हणजे तालुक्यात देशमुखांना न मानणारा मोठा वर्ग कायमच होता. पक्षाच्या पाट्या तेवढ्या बदलत गेल्या. धनगर समाजाची संख्या इथे मोठी आहे आणि गणपतराव त्याच समाजाचे, हेही खरं. पण नुसत्या जातीच्या गणिताने पन्नास वर्षांचे विजय उलगडत नाहीत आणि मधले दोन पराभव तर नाहीतच.

खरा धागा पाण्याचा आहे. माण नदीकाठचा हा तालुका पर्जन्यछायेतला. इथल्या माणसाने दुष्काळी कामावर खडी फोडली, छावणीत जनावरं बांधली आणि पुढे थोड्या पाण्यावर डाळिंब पिकवून दाखवलं. गणपतराव आमदारकीची अनेक वर्षं रोजगार हमी आणि पाणी याच विषयांवर बोलत राहिले. १९९९ च्या आघाडी सरकारात ते मंत्री झाले, तेव्हा रोजगार हमीचं खातंही त्यांच्याकडे आलं. नागनाथअण्णा नायकवडींसोबत आटपाडीच्या पाणी परिषदांतून त्यांनी कृष्णेच्या पाण्याची मागणी लावून धरली. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि ती चालवून दाखवली. एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ओळख राज्यभर कौतुकाची होती. सांगोलेकरांना मात्र त्यातून एक साधी खात्री मिळत होती: हा माणूस भेटतो.

म्हणूनच या मतदाराला ‘डावा’ म्हणून मोकळं होणं चुकीचं आहे. सांगोला आता माढा लोकसभा मतदारसंघात येतो. तिथून २००९ मध्ये शरद पवार, २०१४ मध्ये राष्ट्रवादीचेच विजयसिंह मोहिते पाटील, २०१९ मध्ये भाजपचे रणजितसिंह नाईक निंबाळकर आणि २०२४ मध्ये राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे धैर्यशील मोहिते पाटील निवडून आले. विधानसभेला लाल बावट्यामागे जाणारं घर दिल्लीसाठी दुसरंच बटण दाबतं. ग्रामपंचायतीला तर पक्षाचं चिन्हच नसतं. तिथे पॅनेल असतं, गट असतो, भावकी असते. एकाच पक्षाचे दोन कार्यकर्ते सरपंचपदासाठी समोरासमोर उभे ठाकतात आणि विधानसभेला पुन्हा एका गाडीत बसतात. यात त्यांना काही विसंगत वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही: प्रत्येक निवडणुकीत प्रश्न वेगळा असतो.

ही मोकळीक मात्र पूर्ण नाही. मतदान गुप्त असलं तरी गावाचा कल गुप्त राहत नाही. यंत्रातली मतं केंद्रनिहाय मोजली जातात. टेबलापाशी बसलेला प्रतिनिधी गुडघ्यावरच्या कागदावर आकडे उतरवतो, आणि कोणत्या वाडीने कुणाला किती ‘लीड’ दिलं हे संध्याकाळपर्यंत चावडीवर पोचतं. कागदी मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या पेट्यांतली मतं एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. छोट्या वस्तीला ती मोठी ढाल होती. आज तीनशे मतांच्या वस्तीने विरोधात कौल दिला, तर पुढची पाच वर्षं रस्त्यासाठी कुणाच्या दारात जायचं, ही धास्ती खरी असते. मतदारयादीत नाव असलेल्या माणसाला अशी धास्ती वाटावी, हे फार वाईट आहे.

गणपतराव ३० जुलै २०२१ रोजी गेले. पुढच्याच वर्षी, शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी, शहाजीबापूंचं गुवाहाटीतलं ‘काय झाडी, काय डोंगर’ घराघरांत पोचलं. राज्यात इतकी प्रसिद्धी क्वचितच कुणा आमदाराच्या वाट्याला आली असेल. तरी २०२४ च्या तिरंगी लढतीत शहाजीबापूंना हरवून गणपतरावांचे नातू, शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख सुमारे पंचवीस हजार मतांनी निवडून आले. शिवसेनेच्या ठाकरे गटाचे दीपक साळुंखे तिसऱ्या क्रमांकावर राहिले, पण त्यांनाही पन्नास हजारांच्या आसपास मतं होती. २८८ जणांच्या सभागृहात शेकापचे म्हणून निवडून आलेले बाबासाहेब हे तेवढे एकच आमदार.