नवी संगणक कार्यप्रणाली : स्थिरतेची पारख

संगणकाचे यंत्र आणि त्यावरील दैनंदिन कामाच्या आज्ञावल्या यांच्यामधील मूळ आज्ञावलीस कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम असे म्हणतात. जिची घडण कोणालाही पाहता व बदलता येते ती मुक्तस्रोत कार्यप्रणाली होय. अशा प्रणालींच्या नव्या आवृत्त्या वरचेवर प्रसिद्ध होतात. त्या बहुधा विनामूल्य मिळत असल्याने लगेच बसवून घेण्याचा मोह होतो. परंतु ज्या संगणकात जन्ममृत्यूच्या नोंदी किंवा विद्यार्थ्यांचे गुण साठविलेले आहेत, त्याच्या बाबतीत घाई महागात पडू शकते.

या दृष्टीने १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाची पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेची 'बॉस' ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. येथे नवी आज्ञावली प्रथम 'अस्थिर' शाखेत येते. या शाखेचे नाव सिड. 'टॉय स्टोरी' चित्रपटात खेळणी मोडणाऱ्या मुलाचे हे नाव असल्याने इशारा नावातच आहे! गंभीर दोष न आढळल्यास आज्ञावली साधारणतः दोन ते दहा दिवसांत 'चाचणी' शाखेत जाते. पुढे या शाखेत नव्या गोष्टी घेणे टप्प्याटप्प्याने बंद करून केवळ दोषनिवारण केले जाते. तेराव्या आवृत्तीसाठी हे काम मार्च २०२५ मध्ये सुरू झाले आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी ती 'स्थिर' म्हणून प्रसिद्ध झाली. दोषांची यादी सर्वांना खुली असते. आवृत्तीच्या क्रमांकापेक्षा ही यादीच अधिक बोलकी होय.

या सावधगिरीचे महत्त्व मार्च २०२४ मध्ये प्रत्ययास आले. दूरच्या संगणकात प्रवेश मिळण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्याशा खुणेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने 'एक्सझेड' आज्ञावलीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर ठेवलेले चोरदार उघडकीस आणले. ते डेबियनच्या अस्थिर व चाचणी शाखांत शिरले होते; स्थिर शाखेपर्यंत मात्र पोहोचले नव्हते.

तथापि स्थिर म्हणजे निर्दोष नव्हे. स्थिर म्हणजे ज्यात सहसा बदल केले जात नाहीत असे. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियनची १२.३ ही सुधारित आवृत्ती बाहेर पडत असतानाच तिच्या गाभ्यात धारिकांची हानी करू शकणारा दोष आढळला. वितरण थांबविण्यात आले आणि १० डिसेंबरला १२.४ ही आवृत्ती देण्यात आली. दोष निघाला की दुरुस्ती किती तत्परतेने होते, हेही म्हणूनच पाहावे लागते.

उबुंटू या प्रणालीची दीर्घकालीन आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते. मात्र आधीच्या दीर्घकालीन आवृत्तीवरील संगणकांना ती घेण्याची सूचना पहिल्या दुरुस्तीनंतरच दिली जाते. २०२४ मध्ये ही दुरुस्ती २९ ऑगस्टला आली. निर्मातेच चार महिने थांबत असतील, तर ग्रामपंचायतीने एप्रिलमध्येच धाव घेण्याचे कारण उरत नाही.

नोंदींची प्रत वेगळी काढून ठेवावी आणि नवी आवृत्ती आधी एकाच संगणकावर चालवून पाहावी. मुद्रणयंत्र चालते का, मराठी टंकलेखन नीट उमटते का, जुने तक्ते जसेच्या तसे उघडतात का, हे काही आठवडे तपासता येते. तेवढी सवड असतेही : जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ साठी सुरक्षाविषयक दुरुस्त्या जून २०२८ पर्यंत मिळावयाच्या आहेत.