गावात कॅसिनो आला तर?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका भगिनीचा आम्हाला फोन आला. तिचा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला. पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या एका कॅसिनो जहाजावर, स्वयंपाकघरात त्याला नोकरी मिळत होती. पगार बरा, राहायची सोयही होती. "घर चालेल हो, पण तो पैसा घरात आणावा का?" हा तिचा सवाल. त्याच आठवड्यात एका चहाच्या टपरीवर तरुण मुलांचे बोलणे कानावर पडले, "आपल्या तालुक्यातही एक कॅसिनो आला पाहिजे. गोव्याची बघा कशी चांदी झाली!"

दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. म्हणून आम्ही ठरवले, आधी हराम-हलालचा शब्द बाजूला ठेवून नफा-नुकसानाचा हिशेब करून बघू.

फायदा नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पणजी हे २०११ च्या जनगणनेनुसार जेमतेम ४० हजार वस्तीचे शहर. तिथे मांडवीच्या पात्रात सहा कॅसिनो जहाजे आहेत. त्यांच्यामुळे स्वयंपाकी, वेटर, पहारेकरी, बोटचालक यांना काम मिळते. टॅक्सीवाल्याला रात्रीचे भाडे मिळते, लॉजच्या खोल्या भरतात. सरकारला परवाना शुल्क मिळते, शिवाय जीएसटी. चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. ही रक्कम लहान नाही.

आता दुसरे पारडे. हा पैसा येतो कुठून? रुलेटच्या चाकावर शून्य ते छत्तीस असे ३७ आकडे असतात. प्रत्येक आकड्यावर १०० रुपये लावले तर एकूण ३,७०० रुपये लागतात. जिंकणाऱ्या आकड्यावर ३५ पट म्हणजे ३,५०० रुपये आणि लावलेले १०० असे ३,६०० परत येतात. उरलेले १०० मालकाचे. म्हणजे लावलेल्या दर शंभरामागे सरासरी २ रुपये ७० पैसे त्याच्याकडे राहतात. एखादा पाहुणा एका रात्री जिंकेलही. पण चाक वर्षभर फिरते, आणि वर्षाअखेरीस मालक कधी हरत नाही. कारखान्यात कापड तयार होते, शेतात भात पिकतो. इथे काहीच पिकत नाही, एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात जाते. तो पहिला खिसा बहुतेक वेळा महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरातमधून आलेल्या कुणाचा तरी असतो, आणि त्याच्याही घरी बायको-मुले असतात.

गोवा सरकारलाही हे ठाऊक आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्यातल्या रहिवाशांना कॅसिनोत जुगार खेळायला बंदी आहे. सिंगापूरमध्ये २०१० साली दोन कॅसिनो उघडले, तेव्हा परदेशी पाहुण्याला प्रवेश मोफत आणि स्वतःच्या नागरिकाला १०० डॉलर शुल्क असा नियम झाला. २०१९ मध्ये ते १५० डॉलर केले. तिथे घरातली माणसे अर्ज करून आपल्या माणसाला कॅसिनोचे दार बंद करून घेऊ शकतात. आम्हाला विचाराल तर एवढा एक पुरावा पुरेसा आहे. जी वस्तू खरोखर चांगली, ती कुणी आपल्याच लेकरांपासून लपवून परक्याला वाढत नाही.

"पण गावाची भरभराट तर होते ना?" अमेरिकेतले अटलांटिक सिटी पाहा. पणजीएवढेच, चाळीस हजारांच्या आसपास वस्तीचे समुद्रकाठचे शहर. १९७६ मध्ये मतदान घेऊन तिथे जुगाराला परवानगी मिळाली आणि १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला. शहर पुन्हा उभे राहील, अशी आशा होती. काही वर्षे पैसा खूप आला. मग शेजारच्या राज्यांनीही कॅसिनो उघडले आणि गिऱ्हाईक वाटले गेले. २०१४ या एकाच वर्षात बारापैकी चार कॅसिनो बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले. एकाच धंद्यावर उभे राहिलेले गाव त्या धंद्याबरोबरच खाली येते.

आपल्या महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधीच अमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. आम्हाला तो निर्णय योग्य वाटतो.

आता धर्माकडे येऊ. कुरआनने दारू आणि जुगाराबद्दल बोलताना (सूरह अल-बकरा, आयत २१९) त्यात लोकांसाठी काही फायदा आहे हे नाकारलेले नाही. मात्र त्यातला गुनाह फायद्यापेक्षा मोठा असल्याचे सांगितले. पुढे सूरह अल-माइदामध्ये मनाई आली, तेव्हा कारणेही दिली: आपसातले वैर, आणि नमाज व अल्लाहच्या आठवणीपासून दुरावणे. आपण वर केलेला हिशेब शेवटी तिथेच येऊन पोहोचतो.

आणि कॅसिनो दूर आहे म्हणून आपण निर्धास्त राहू नये. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने कायद्याने बंदी घातली, कारण जुगार मोबाइलमधून घराघरांत शिरला होता. घरातले कुणी त्यात अडकले असेल तर ओरडून किंवा लपवून काही होत नाही. जुगाराचे व्यसन हा आजार आहे, हे जागतिक आरोग्य संघटनाही मानते. खात्याचा व्यवहार काही काळ घरातल्या विश्वासू माणसाकडे द्या. दागिने गहाण ठेवून गुपचूप कर्ज फेडू नका, त्याने पुढच्या डावाला वाट मिळते. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

राहिला त्या भगिनीचा सवाल. आम्ही मुफ्ती नाही. नोकरीचा मसला जवळच्या जाणत्या आलिमांना विचारा, असेच आम्ही तिला सांगितले. पण मुलाला टोमणे मारू नका, हेही सांगितले. गरजेपोटी काम शोधणाऱ्या मुलाला नुसते "हराम" म्हणून आपण मोकळे झालो, तर चूल पेटणार कशी? मालवण, वेंगुर्ल्यात पर्यटन वाढते आहे, चांगल्या स्वयंपाक्याला तिथे मागणी आहे. आम्ही तिच्यासाठी दोन ठिकाणी शब्द टाकला आहे. आपल्यापैकी कुणाचे हॉटेल किंवा खानावळ असेल, तर अशा एखाद्या मुलाला आधी हाक मारा. त्या टपरीवरच्या तरुणांनाही आमचे उत्तर हेच आहे: गावाला काम हवे, हे अगदी खरे. ते देण्याची जबाबदारी थोडी आपलीही आहे.