कामाचे गाव, पाहुण्यांचे गाव

आपल्या नगर जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. आपल्या पायाखाली आहे तो ज्वालामुखीचा काळा पाषाण; महाराष्ट्रातला कोळसा निघतो तो चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूरच्या बाजूला. मग खाणीचे गाव पर्यटनाचे गाव कसे होते, हा विषय आम्ही नगरकरांपुढे का मांडावा? कारण एका मोठ्या कामाने नावारूपाला आणलेले आणि ते काम संपल्यावर पाहुण्यांवर विसंबलेले एक ठिकाण आपल्याही जिल्ह्यात आहे. ते म्हणजे अकोले तालुक्यातील भंडारदरा.

आधी खाणीचा दाखला घेऊ. सुमात्रा बेटावर सावालुंतो नावाचे गाव आहे. आम्ही तेथे गेलेलो नाही. वाचले तेवढे सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डचांनी तेथे कोळशाची खाण काढली, बंदरापर्यंत डोंगरातून रेल्वे नेली. खोदायला कैदी आणले, तेही पायांत साखळदंड घालून. पुढे कोळसा सरला. तेव्हा जुनी खाण आणि 1918 साली बांधलेला मजुरांचा भटारखाना यांचे संग्रहालय झाले. 2019 साली युनेस्कोने ही खाण जागतिक वारशाच्या यादीत घेतली. आम्हांला मोल वाटते ते याचे, की तेथे पाहुण्याला साखळदंडांची हकीकतही सांगतात.

आता भंडारदरा. प्रवरेवरील या धरणाचे काम 1910 साली सुरू झाले आणि 1926 साली पुरे झाले. दगडचुन्याचे हे बांधकाम सुमारे 270 फूट उंच आहे. इंग्रजी अमदानीत धरणाला विल्सनसाहेबांचे नाव लागले, तलावाला आर्थरसाहेबांचे. सोळा वर्षे दगड वाहणाऱ्यांची नावे कोणाच्या तोंडी आहेत? या पाण्यावर खाली राहुरी-श्रीरामपूरकडे ऊस उभा राहिला, 1950 साली लोणीचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. आम्ही साखर कामगारांत उमेदीची वर्षे घालवली. पण त्या कामगाराच्या पगाराची मुळे भंडारदऱ्याच्या दगडांत आहेत, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

वर डोंगरात मात्र भात, नागली आणि वरई एवढाच आधार राहिला. आता तेथे पाहुणे येतात. पावसाआधी काजवे, पावसात रंधा धबधबा, एरवी रतनवाडीचे अमृतेश्वर आणि 1646 मीटर उंचीचे कळसूबाई. तंबू, जेवण, गाडी, वाटाड्या यांतून चार पैसे मिळतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण फरक ध्यानात घ्या. खाणीत मालक एक आणि मजूर हजार; म्हणून संघटना बांधता येते. पर्यटनात मालक शंभर आणि प्रत्येकाकडे माणसे चार. शनिवार-रविवारी उसंत नाही, मंगळवारी काम नाही. ना मस्टर, ना फंड. अशा माणसाने कोणाच्या दारात जायचे?

आमच्या मते उपाय दोन. या कामकऱ्यांनी गाववार एकत्र येऊन मजुरीचा दर ठरवावा. आणि पाहुण्यांच्या पैशाचा ठरीव वाटा त्याच गावाच्या पाण्यासाठी, शाळेसाठी राहावा.

तुम्ही पुढच्या पावसाळ्यात भंडारदऱ्याला जालच. धरण किती उंच, हे अवश्य विचारा. मग पिठले-भाकरी वाढणाऱ्या पोराला एवढेच विचारा, "बाबा, वर्षातले किती महिने काम मिळते?" त्याचे उत्तर हाच त्या गावाचा पुढचा इतिहास आहे.